जुन्या जीपगाडीचा न्याय : वयाने की धुराने?

साहित्याला आणि ग्रंथपरीक्षणाला वाहिलेल्या मासिकात डिझेलच्या मोटारीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल, आणि तो येणे साहजिक आहे. परंतु ज्या प्रश्नात माणसाचे पोट, त्याचे फुप्फुस आणि त्याची हौस ही तिन्ही एकाच वेळी गुंतलेली आहेत, तो प्रश्न केवळ मिस्त्र्यांनी आणि परिवहन खात्याच्या कारकुनांनी सोडवावा, हे आम्हांस मान्य नाही. शिवाय हा वाद दिसतो मोटारीचा, पण मुळात तो विचारपद्धतीचा आहे. एखाद्या वस्तूचा न्याय तिच्या जन्मतारखेवरून करावयाचा की तिच्या वर्तनावरून, हा प्रश्न मोटारीपुरता मर्यादित नाही. म्हणून ही जागा आम्ही या विषयास देत आहो.

वादाचे कारण थोडक्यात असे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगराच्या हवेविषयी तीव्र चिंता व्यक्त करून पेट्रोलच्या व डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यास सांगितले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. वसई तालुका मुंबई महानगर प्रदेशात मोडतो; तेव्हा जो निर्णय मलबार हिलला लागू तोच भाताण्याला आणि पारोळलाही लागू व्हावयाचा. या बातमीपासून वसईत दोन पक्ष उघडपणे बोलू लागले आहेत. एक म्हणतो, जुनी डिझेल गाडी दिसली की ती भंगारात घाला. दुसरा म्हणतो, आमच्या जुन्या चारचाकी-ओढीच्या गाड्या म्हणजे राष्ट्राचा वारसा आहे, त्यांना हात लावू नका. उलट जपानातून आणि आखातातून तशा आणखी आणावयास मोकळीक द्या. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि गंमत अशी की दोघेही एकाच ठिकाणी चुकले आहेत. पहिल्याला गाडीचे वय हाच गुन्हा वाटतो. दुसऱ्याला तिचे वय हाच गुण वाटतो. धुराकडे दोघांचेही लक्ष नाही.

प्रथम वसईची भूमी कशी आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या वर्तमानपत्रांना वसई म्हणजे चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला किल्ला आणि लोकलगाडीत उभे राहून येणारी नोकरदार मंडळी, एवढेच ठाऊक असते. परंतु लोहमार्गाच्या पश्चिमेस निर्मळ, गिरीज, भुईगाव, नंदाखाल, आगाशी हा वाड्यांचा पट्टा आहे, जेथे गल्ल्या अशा अरुंद की समोरून बैलगाडी आली तर मोटारीने मागे सरावे. आणि पूर्वेस महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वराचे डोंगर, तानसेचे खोरे व आदिवासी पाडे लागतात. पावसाळ्यात तानसा फुगली की पांढरतारा पूल पाण्याखाली जातो व पलीकडच्या गावांचा संबंध तुटतो. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याचे रूळच पाण्यात गेले आणि ज्या रेल्वेच्या जोरावर सारी वसई जगते ती रेल्वेच थांबली, हे अद्याप कोणी विसरले नसेल. अशा भूमीत चारही चाकांना ओढ असलेली, लो गिअरमध्ये चिखल तुडवणारी गाडी ही प्रत्येकाची चैन नसते. काहींची ती निकड असते.

म्हणूनच वसईतील जुन्या डिझेल जीपगाड्यांचे सर्व धनी एका मापाने मोजता येत नाहीत. त्यांत एक वर्ग पूर्वेकडील पाड्यांवरून माणसे, भाताची पोती आणि प्रसंगी बाळंतीण दवाखान्यात पोहोचवणाऱ्यांचा. दुसरा वर्ग वाडीवाल्यांचा आणि छोट्या कारखानदारांचा. गाडी जुनी खरी, पण तिच्या पाट्यांवर केळीचे लोंगर काय किंवा वालीवच्या कारखान्यातील लोखंडी माल काय, सारखाच पेलतो. तिसरा वर्ग हौशी लोकांचा. यांच्या घरी रोजच्या वापराची नवी मोटार असतेच. जुनी जीप रविवारी बाहेर काढावयाची, तिला रुंद टायर, उंच धुरांडे आणि पुढे लोखंडी अडसर लावावयाचा व कळंबच्या किंवा राजोडीच्या पुळणीवर तिचे प्रदर्शन करावयाचे. कायदा करणाऱ्यांना हे तीन वर्ग वेगळे दिसत नाहीत, आणि तिसरा वर्ग पहिल्याच्या आडून बोलतो. या दोन गोष्टींमुळे सारी चर्चा गढूळ झाली आहे.

आता ‘वारसा’ या शब्दाकडे वळू. जीप ही या देशात जन्मलेली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती घडली आणि युद्ध संपल्यावर आपल्याकडे आली. १९४५ साली महिंद्रा बंधू व मलिक गुलाम महंमद यांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे पडले. या कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणवून मुंबईत गाड्या जोडण्यास आरंभ केला. त्याच सुमारास जुनी वाहने परदेशातून आणण्याचा पहिला मोठा धडाही राष्ट्राला मिळाला. १९४८ साली लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या २,००० जुन्या जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. हाती आल्या त्या १५५, आणि त्याही कामास निरुपयोगी ठरल्या. स्वतंत्र भारतातील पहिले गाजलेले खरेदीप्रकरण ते हेच. परदेशातील जुन्या गाडीची छायाचित्रे पाहून जे आज हुरळून जातात त्यांनी एवढा इतिहास तरी वाचावा, अशी आमची विनंती आहे.

पुढे या परक्या बीजाचे येथे चांगले रोपटे झाले, हे मात्र खरे. आरंभीच्या जीपगाड्या पेट्रोलच्या होत्या. त्यांत प्रथम ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन आले आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इगतपुरीच्या कारखान्यात घडलेले २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले. त्या इंजिनाच्या ‘५४०’ जातीच्या जीपगाड्या, पुढच्या ‘कमांडर’ आणि ‘आर्माडा’ या गाड्या ठाणे जिल्ह्यातील घाटवाटांवर आणि पाड्यांवर एक पिढीभर राबल्या. त्यांची दुरुस्ती गावचा मिस्त्री करी. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर फिरवून घेई. यंत्र परके, पण ते चालते ठेवण्याची विद्या आपली. वारसा म्हणावयाचा असेल तर तो या विद्येला म्हणावा. गोखिवऱ्याच्या एखाद्या शेडमध्ये पंपाचा दाब आणि नोझलची फवारणी तपासून देणारा कारागीर हा आमच्या दृष्टीने त्या गाडीपेक्षा अधिक जपण्याजोगा आहे.

आता परदेशातून गाडी आणू इच्छिणाऱ्यांचे गाऱ्हाणे पाहू. वसईची कितीतरी कुटुंबे आखातात नोकरीस आहेत. तिकडे वाळवंटात धावणाऱ्या डिझेलच्या लँड क्रूझर आणि पेट्रोल जातीच्या गाड्या ते पाहतात आणि परतताना अशी एखादी वीस वर्षांची दणकट गाडी बरोबर आणावी असे त्यांच्या मनात येते. (‘पेट्रोल’ हे येथे इंधनाचे नव्हे, निसान कंपनीच्या गाडीचे नाव आहे; नावातच घोटाळा आहे म्हणून एवढा खुलासा.) नियम आडवा येतो. जुनी गाडी आयात करावयाची तर ती बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, सुकाणू उजव्या हातास असावे, तिचे दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीस अनुरूप असावेत आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. आखातातील गाड्यांचे सुकाणू डाव्या हातास, म्हणजे पहिल्याच उंबरठ्यावर ठेच. जपानी गाडी या एका अटीत बसते, तर तीन वर्षांच्या अटीत अडकते. या साऱ्यांतून निभावले तरी जकात व कर मिळून गाडीच्या मूळ किमतीहून अधिक रक्कम मोजावी लागते. २०२५ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या परवान्यावाचून आणण्याची वाट मोकळी झाली आहे. परंतु ती संग्राहकांची वाट आहे, रस्त्यावर राबणाऱ्यांची नव्हे.

शौकीन मंडळी म्हणतात, अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी गाडी खुशाल आणता येते, मग आम्हांलाच हा जाच का? आम्ही विचारतो, अमेरिकेचा दाखला देताना तिच्या रस्त्यांची रुंदी, वस्तीची विरळता आणि गल्ली या शब्दाचा तेथील अर्थ हेही बरोबर आणणार काय? तुळिंजच्या चाळीच्या दारात उभी राहून धूर ओकणारी गाडी आणि माँटानाच्या कुरणातील गाडी या दोन्हींचा धूर रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच असेल, पण तो श्वासावाटे घेणाऱ्या माणसांची संख्या एक नाही. आणि जगाचा अनुभव काय सांगतो? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान व अमेरिका यांनी १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या परदेशी धाडल्या. त्यांतील सुमारे ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. स्वतःची हवा शुद्ध करण्यासाठी श्रीमंतांनी आपला धूर गरिबांच्या अंगणात लोटावा, हाच या व्यापाराचा अर्थ. आपल्या देशाने हे दार बंद ठेवले हे योग्यच केले. घरच्या जुन्या गाड्यांचा बंदोबस्त अजून व्हावयाचा असता परदेशच्या आणखी आणणे, म्हणजे घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे. या बाबतीत शौकीनांच्या गाऱ्हाण्याला आमची यत्किंचितही सहानुभूती नाही.

परंतु दार बंद ठेवणे वेगळे आणि घरात आहे ते सारे जाळून टाकणे वेगळे. येथून आमचा वाद वयवाद्यांशी सुरू होतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि गाडी योग्य स्थितीत आढळल्यास पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. कायद्याची ही मूळ दृष्टी शहाणपणाची होती : गाडी आणा, दाखवा, तपासू द्या, चांगली असेल तर चालवा. पुढे या शहाणपणाला फाटे फुटले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी दिल्ली व तिच्या परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. इतरत्र मनाई नाही, पण मोल वाढले. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये ठरले. आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,०००. याशिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर आहेच. आम्ही विचारतो, या १०,००० रुपयांनी धुराचा एक कण तरी कमी होतो काय? ज्याच्यापाशी पैसा आहे तो शौकीन ते हसत भरतो व पूर्ववत धूर सोडतो. ज्याच्यापाशी नाही तो पाड्यावरचा जीपवाला नूतनीकरणच टाळतो, आणि मग त्याची गाडी तपासणीच्या बाहेर जाते. म्हणजे दंड भरून दोष कायम आणि न भरून दोष अदृश्य, असे हे धोरण आहे. याला चोर सोडून संन्याशास सुळी देणे म्हणतात.

दिल्लीचा पुढचा इतिहासही बोधप्रद आहे. जुलै २०२५ च्या आरंभी तेथे मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन देणेच बंद करण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. १२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे संरक्षण भारत-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. वाचकांनी या क्रमाचा अर्थ नीट पाहावा. वयापासून सुरुवात झाली आणि विचार उत्सर्जनाच्या मानकावर येऊन ठेपला. जे दिल्लीला दहा वर्षे ठेचा खाऊन कळले ते मुंबईच्या प्रदेशाने पुन्हा पहिल्यापासून शिकावे काय?

आता धुराकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबली जाते, दाबाने ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाची फवार सोडली की ते आपोआप पेटते. सारे मर्म त्या फवाऱ्यात आहे. नोझल झिजले, की फवार्‍याऐवजी थेंब पडतात आणि ते अर्धवट जळतात. एअर फिल्टर धुळीने भरला की हवा कमी पडते. पंपाची मात्रा वाढवली की तेल जास्त होते. या तिन्हींचा परिणाम काळा धूर. निळसर धूर दिसला तर रिंगा किंवा वाल्वचे गाईड झिजून वंगणाचे तेल जळत आहे असे समजावे. थंड इंजिनातून निघणारा आणि ते तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे तेल न पेटताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. म्हणजे धूर हा वयाचा अटळ धर्म नव्हे. तो बहुधा दुर्लक्षाचा पुरावा असतो. पंचवीस वर्षांची नीट राखलेली जीप दिसण्यात स्वच्छ चालते, आणि सहा वर्षांचा, पंप चढवलेला, दुप्पट खडी भरलेला डंपर महामार्गावर काळोख करून जातो. वयवाद्यांच्या पोथीत पहिली गुन्हेगार आणि दुसरा निर्दोष.

येथे आमच्यावर एक प्रबळ आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, जो धूर डोळ्यांना दिसत नाही तोही मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. आणि जुनी गाडी कितीही राखली तरी नव्या गाडीच्या धुरांड्यातील सूक्ष्म कण अडवणारी गाळणी तिच्यात नाही. हा आक्षेप खरा आहे. प्रवासी मोटारींसाठी २००० सालच्या मानकात डिझेल गाडीने किलोमीटरमागे ०.१४ ग्रॅम कण सोडण्यास मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या भारत-६ मानकात ती ०.००४५ ग्रॅम आहे. हा फरक तीसपटींचा आहे आणि तो मिस्त्र्याच्या हातोटीने भरून निघणारा नाही.

परंतु हाच आकडा वयवाद्यांच्याही विरुद्ध बोलतो. तो किलोमीटरमागचा आहे. साधे गणित करा. नवी मोटार वर्षाकाठी १५,००० किलोमीटर धावली तर मानकाच्या मर्यादेत ती सुमारे ६७ ग्रॅम कण सोडते. जुनी मोटार ५०० किलोमीटर धावली तर ७० ग्रॅम. म्हणजे वर्षाला पाचशे किलोमीटरच्या आत वापरलेली जुनी गाडी रोज धावणाऱ्या नव्या गाडीहून फारशी अधिक दोषी नाही. आणि तीच पाच हजार किलोमीटर धावली तर दसपट दोषी आहे. हे आकडे प्रयोगशाळेतील मर्यादांचे आहेत, प्रत्यक्षात ते मागेपुढे होतील. पण तत्त्व बदलत नाही. दोष मोजावयाचा तर धूर किती, धाव किती आणि तो धूर कोणाच्या नाकाशी, या तीन गोष्टी मोजाव्या लागतील. जन्मतारीख या तिहींपैकी एकही सांगत नाही. ती फक्त मोजण्यास सोपी आहे. आणि जे मोजण्यास सोपे तेच न्याय्य, असे समजणे हा आपल्या शासनाचा जुना आजार आहे.

हेच गणित आम्ही शौकीनांपुढेही ठेवतो. त्यांचा वारसा पाचशे किलोमीटरांत मावतो काय? मावत असेल तर त्यांनी तो खुशाल जपावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे व अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये असा तिचा नियमच आहे. तोच संयम पंचवीस वर्षांच्या गाडीच्या धन्याने आपण होऊन पाळावा. पण आम्हांस दिसते ते निराळेच. ‘धुराची तपासणी करून घ्या’ म्हटले की गाडी न नेताच सहा महिन्यांचे प्रमाणपत्र कोठे मिळते याची माहिती हीच मंडळी एकमेकांस पुरवतात. गाडीत दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवावयाचे आणि नोंदणीपुस्तकात जुनेच राहू द्यावयाचे, हा प्रकार तर सर्रास चालतो. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय आहे, याची त्यांना फिकीर नाही. तुंगारेश्वरच्या डोंगराला २००३ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे. त्या जंगलाच्या वाटांवर गाडी घालणे यांना पराक्रम वाटतो. पुरात पुलावरून गाडी काढून दाखवणे हा दुसरा पराक्रम. डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणून ती पाण्यात बंद पडत नाही, असे ते सांगतात. हवेच्या नळीतून पाणी आत गेले की इंजिन जागच्या जागी मोडते आणि वाहते पाणी चारही चाकांची ओढ सहज मोडून काढते, हे ते सांगत नाहीत. अशा वागण्याने त्यांनी स्वतःचा पक्ष दुबळा केला आहेच; पण त्याहून वाईट हे की पाड्यावरच्या जीपवाल्याची बाजूही त्यांच्या पाठोपाठ बुडते.

तो जीपवाला मात्र पाचशे किलोमीटरांत बसणारा नाही, हे आम्ही मान्य करतो. त्याची गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर सहज धावते. तिचा धूर खराच आहे, आणि तो पाड्यावरच्या मुलांच्याच नाकात जातो. तेव्हा ती गाडी आज ना उद्या गेली पाहिजे. प्रश्न एवढाच की तिच्या आधी काय आले पाहिजे? एकाच गाडीत दहा माणसे जातात म्हणून माणशी धूर कमी, हा युक्तिवाद आम्ही करीत नाही; दाटीवाटीने कोंबून जाणे ही गरिबाची काटकसर नव्हे, त्याची लाचारी आहे. पण जेथे एस.टी.ची फेरी वेळेवर येत नाही, रुग्णवाहिका पुलाच्या अलीकडेच थांबते आणि वीज पावसाळ्यात दिवसदिवस जाते, तेथे ‘विजेवर चालणारी गाडी घे’ असा उपदेश करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. शासनाने आपल्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्या १ एप्रिल २०२३ पासून मोडीत काढावयाचे ठरवले. ते योग्यच, कारण सरकारी खात्याला नवी गाडी खजिन्यातून मिळते. ज्याला खजिना नाही त्याला तोच नियम लावताना काहीतरी अंतर ओळखावयास नको काय?

तर मग करावे काय? आमचे म्हणणे चार कलमांत सांगता येईल. पहिले, तपासणी खरी करा. आजची तपासणी गाडी उभी ठेवून, इंजिन रिकामे फिरवून होते. भारत-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज व भारत-४ च्या गाडीला ५० ही मर्यादा आहे. ही परीक्षा सौम्य आहे, पण तीही जर गाडी न पाहता उत्तीर्ण होता येत असेल तर मर्यादा कडक करून उपयोग नाही. आधी परीक्षेतील चोरी थांबवा आणि मग भार घालून परीक्षा घ्या. दुसरे, शुल्क वयावर न घेता धावेवर घ्या. दरवर्षी तपासणीच्या वेळी किलोमीटरचा आकडा नोंदवा. जो थोडा धावला त्याला थोडे, जो भरमसाट धावला त्याला भरमसाट. आकड्यात फेरफार करणाराची नोंदणीच रद्द करा. तिसरे, जागा पाहा. वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवतीची, शाळांची आणि बाजारांची दाट वस्ती जुन्या डिझेल गाड्यांना दिवसा बंद करण्यास आमची हरकत नाही. तोच नियम डंपरला, पाण्याच्या टँकरला आणि पालिकेच्या स्वतःच्या वाहनांनाही लावा, म्हणजे झाले. चौथे, शुल्काचा पैसा जमेल तो खजिन्यात न गाडता पूर्व पट्ट्यात बसफेरी, पुलाची उंची आणि जीपवाल्याला नवी गाडी घेण्यास साहाय्य, यांवर खर्च करा. नवी सोय दारात उभी राहिल्यावर जुनी गाडी हिसकावून घ्यावी लागणार नाही. तो आपण होऊन ती सोडील. जो रोज तिच्याखाली पडून नटबोल्ट आवळतो त्याला तिचे प्रेम शौकीनाइतके नसते.

यावर वयवादी म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरसकट बंदी सोपी. सोपी खरीच. पण गोखिवऱ्याच्या कचराभूमीला आगी लागतात आणि त्यांचा धूर दिवसेंदिवस वस्तीवर तरंगतो, त्या कचऱ्याला वय विचारून कोणी बंदी करीत नाही. कारण तेथे खटाटोपावाचून गत्यंतर नाही हे सर्वांस कळते. मोटारीच्या बाबतीत तेवढे कळत नाही, कारण तेथे दुर्बळाच्या हातातील वस्तू काढून घेणे शक्य असते. हवा शुद्ध व्हावी ही आमचीही इच्छा आहे, कदाचित वयवाद्यांहून अधिक; म्हणूनच जी उपाययोजना हवेला हात न लावता केवळ नोंदवहीतील तारखांना हात लावते तिला आम्ही उपाय म्हणावयास तयार नाही.

समितीचा अहवाल काहीही येवो. वसईच्या नागरिकांनी, मग ते वाडीतले असोत, पाड्यावरचे असोत की स्थानकाजवळच्या इमारतीतले, आपल्या प्रतिनिधींना एकच प्रश्न विचारावा : या नियमाने धूर किती कमी होईल आणि तो कोणाच्या खर्चाने? ज्या नियमाला या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देता येईल त्याला आम्ही पाठिंबा देऊ, मग त्यात शौकीनांची कितीही प्रिय गाडी जावो. ज्याला देता येणार नाही तो नियम कितीही मोठ्या हेतूने केलेला असला तरी त्याचा विरोध करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.